वॉटर नावाचं क्रियापद

लग्नाच्या पंगतीत पाणी वाढायला आलेल्या माणसापुढे पेला धरून 'वॉटर मी!' असं म्हणणारा इसम मी आयुष्यात एकच पाहिला. वाढपी गोंधळून बाटलीबंद पाणी शोधायला जायचा. मग सर शेजारच्या पाहुण्याकडे वळून समजावून सांगत, की हे वाक्य खरं म्हणजे चूक आहे. वॉटर घोड्याला करतात, बैलाला करतात, झाडाला करतात, माणसाला करत नाहीत. पण या लग्नात ज्या तऱ्हेनं वाढणं चाललं आहे ते बघता आपली गणना जनावरांतच झालेली दिसते, तेव्हा चालून जाईल. पाहुणा हसावं की नाही या पेचात पडे. हे बोलणं यजमानांच्या कानावर गेलं की त्या घरचं पुढचं बोलावणं सरांना येत नसे. सरांना त्याचं काही वाटत नसे, त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, वाटे.

सर म्हणजे आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे सर, आणि भिलाईच्या सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरला लागून राहणारे शेजारी. मूळचे आमच्यासारखेच भंडाऱ्याकडचे. शाळेत हिंदी बोलत, आमच्याशी मराठी, आणि इंग्रजी फक्त शिकवत. त्या भाषेत क्रियापदांचा काही तोटा नाही, पण या माणसानं एकच धरून ठेवलं होतं. वॉटर. दुसऱ्या शिक्षकांनाही खोड असते, कुणी अक्षरावर घसरतं, कुणी स्पेलिंगवर. सरांची सगळी नोकरी या एका शब्दावर उभी होती म्हटलं तरी चालेल.

"वॉटर हे नाम नाही, काम आहे," असं ते सांगत. पोरांना सांगत, पोरांच्या आईबापांना सांगत, भाजीबाजारात सांगत.

'गिव्ह वॉटर टु द प्लांट्स' असं कुणी लिहिलं की त्यांचं डोकं फिरायचं. हिंदीत पाणी 'देतात', मराठीत पाणी 'देतात' किंवा 'घालतात', म्हणून पोरं इंग्रजीतही देऊन मोकळी होत. सर खडू खाली ठेवत आणि वर्गाला विचारत, "दोगे कैसे? गिलास में? ट्रे में रखकर? साथ में बिस्कुट भी दोगे पौधे को?" वर्ग हसायचा आणि पुढच्या परीक्षेत पुन्हा 'गिव्ह' लिहायचा. मीही लिहिलेलं आहे.

आमच्याकडे आणि त्यांच्याकडे एकच दूधवाला यायचा, अहिवाऱ्याच्या बाजूचा. त्याला सर रोज सकाळी फाटकात गाठून अगदी आदरानं म्हणत, "यू वॉटर द मिल्क." दूधवाल्याला इंग्रजी येत नव्हतं, पण सर काहीतरी चांगलं बोलतात एवढं त्याला कळायचं. "हव सर, रोज करथंव," असं तो छत्तीसगढीत हसून सांगायचा. मग सर आत येऊन काकूंना म्हणत, "पाहा, कबूल करते माणूस. इमानदार आहे." दूध तसंच पातळ येत राहिलं आणि दोघांचं एकमेकांविषयी चांगलं मत शेवटपर्यंत टिकलं.

आता इतकं सगळं ऐकून कुणाला वाटेल, की सरांची बाग काय बहरलेली असेल. तसं काही नव्हतं. त्यांच्या अंगणात चिखल होता, चिखलात अळू होतं आणि कडेला एक केळ होती. बाकी जे जे त्यांनी लावलं ते ते पाण्यानं कुजून गेलं. नळाला पाणी आलं की सर पाइप घेऊन उभे राहत आणि जाईपर्यंत हलत नसत. मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता, डोक्याला पंचा बांधून ते झाडांना पाणी घालत. उन्हात पाणी घातलं तर मुळं उकडतात, असं त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. "क्रियापदाला टाइमटेबल नसते," असं त्यांचं उत्तर असे. त्यांचे कॅनव्हासचे बूट बारा महिने ओले असत. काकू ते उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत.

कुंपणाच्या आमच्या बाजूला बाबांची बाग होती. बाबा पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, पंप हाउसला होते. तळ्यातलं पाणी खेचून भट्ट्यांकडे आणि लोखंड लाटणाऱ्या गिरण्यांकडे पाठवायचं, हे त्यांचं काम. प्लांटला लोखंडाआधी पाणी लागतं, असं ते म्हणत, आणि ते खोटं नसावं. दिवसभर नद्यांएवढं पाणी हाताळून आलेला हा माणूस घरी मात्र झाडांना तांब्यानं मोजकं पाणी घालायचा. त्यांची वांगी, त्यांची शेवंती, सगळं कसं जागच्या जागी असे.

"मास्तर, झाडं बुडवून राहिले तुमी," बाबा कुंपणावरून म्हणत.

"पंपवाले, तुमी हिशोबी माणूस. तुमी थेंब देता. मी वॉटर करतो."

"मंग तुमचं मिरचीचं झाड कावून मेलं जी?"

"सुखानं मेलं," सर म्हणत. "तहानेनं नाही."

हा वाद रोज संध्याकाळी व्हायचा, बाबांची शिफ्ट आड आली नाही तर. बाबांची सेकंड शिफ्ट असली की सर कुंपणापाशी उगाच घुटमळत आणि मग आईला विचारत, पंपवाले केव्हा येणार. त्यांना माहीत असायचं केव्हा येणार ते.

मी सहावीत असताना सरांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला. 'हू वॉटर्स द प्लांट?' त्यांना अपेक्षित उत्तर होतं, माळी. पुस्तकात तसं चित्रही होतं, हातात झारी घेतलेल्या माळ्याचं. पण भिलाईत जन्मलेल्या पोरांना प्लांट म्हणजे एकच ठाऊक. ज्याचा भोंगा होतो, ज्यात बाप जातो, ज्याच्यामुळे संध्याकाळी आभाळ तांबडं होतं, तो. कुंडीतल्या रोपट्याला प्लांट म्हणतात हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण मनात यायचं नाही. तेव्हा अर्ध्या वर्गानं लिहिलं, की मरोद्याचं तळं प्लांटला वॉटर करतं. काहींनी तांदुला धरणाचं नाव लिहिलं. एकानं 'गव्हर्नमेंट' लिहिलं. मी लिहिलं, 'माय फादर वॉटर्स द प्लांट.'

सरांनी कागद वाचला. मला उभं केलं. मला वाटलं आता छडी. "सच लिखा है?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि फळ्यावर माळ्याच्या जागी एक चिमणी काढली, धूर सोडणारी. त्यांचं चित्रकलेचं अंग बेताचंच होतं. मग वर्गाला म्हणाले, की प्रश्न आपण छोटा विचारला होता, उत्तर मोठं आलं आहे.

त्या संध्याकाळी ते कुंपणापाशी आले तेव्हा बाबा शेवंतीची आळी करत बसले होते.

"पंपवाले, तुमच्या पोरीनं आज तुमाले कर्ता केलं."

"मी होतोच कर्ता. माझ्या घरचा."

"घरचा नाही, वाक्यातला. मोठा मान आहे. उठून उभे राहा."

बाबा काही उठले नाहीत. पण रात्री जेवताना त्यांनी मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, आणि मग आईला मराठीत समजावून सांगितलं.

सर आता बोरसीला मुलाकडे राहतात, दुसऱ्या मजल्यावर. खाली बाग नाही, वर गॅलरीत कुंड्या आहेत. त्यांच्या सूनबाई पाइप लपवून ठेवतात, कारण खालच्या मजल्यावर पाणी गळतं आणि भांडणं होतात. मागे मी भेटायला गेले तर सर मला म्हणाले, "लीक आणि वॉटर यांत फरक आहे, हे खालच्यांना कोण सांगणार?" तब्येत चांगली आहे. असो.

मी दुर्गला कॉलेजात होते तेव्हा बाबा गेले. ड्यूटीवर हजेरी लावली आणि सायकल स्टँडपाशीच छातीत कळ आली. पुढचं सगळं जसं होतं तसं झालं. माणसं आली, गावाकडून काका आले, माणसं गेली. मग हळूहळू खरा प्रश्न समोर आला. बाबांच्या जागी घरातल्या एकाला अनुकंपेवर नोकरी मिळणार होती. नाही मिळाली तर क्वार्टर सोडायचं, गावी जायचं आणि माझं कॉलेज तिथंच थांबायचं. काकांचं म्हणणं होतं, पोरीनं नोकरी धरावी. आईनं ते एका वाक्यात मिटवलं. "ते शिकून राहिली ना? मंग शिकू द्या तिले. मी जातो."

आई मराठी सातवी झालेली. बागेच्या खात्यात जागा होती, झाडांना पाणी घालायची. त्यासाठी कमिटीपुढे जायचं होतं, आणि कॉलनीत कुणीतरी बोललं, की साहेब लोक इंग्रजीतच विचारतात म्हणे. ते खरं होतं की नाही कुणी तपासलं नाही. आईची झोप मात्र उडाली. मी म्हटलं, मी शिकवते. आई म्हणाली, "तुयाजवळ नाई. तू हासते." आणि ती सरांकडे गेली.

सरांना यापेक्षा मोठी पर्वणी मिळाली नसेल. आख्ख्या इंग्रजीतलं नेमकं तेच क्रियापद आईला हवं होतं.

रोज दुपारी त्यांच्या मागच्या अंगणात शिकवणी सुरू झाली. काकू तूर निवडत बसलेल्या, आई पाटावर, मी भिंतीला टेकून, आणि सर ओल्या बुटांनी येरझारा घालत. "एकच क्रियापद धरा, वहिनी. बाकीचे त्याच्या मागून येतात." आय वॉटर. ही वॉटर्स. द गार्डनर वॉटर्स. झाडं झाली, बैल झाले, दूधही झालं. 'माय माउथ वॉटर्स' म्हणजे तोंडाला पाणी सुटतं हे ऐकून आईला मजा वाटली. मग डोळे आले.

"माय आइज वॉटर. माझ्या डोळ्यात पाणी येते."

"हे रडाचं का जी?" आईनं विचारलं.

"नाही. रडण्याला वीप. हे कांद्यानं, धुरानं येते ते. इंग्रजाचे डोळे धुरानं पाणावतात, वहिनी. माणसासाठी पाणावत नाहीत."

"बरं हाय मंग त्याइचं," आई म्हणाली.

व्याकरणात सर कच्चं ठेवत नसत. कर्ता, क्रियापद, कर्म, सगळं समजावून झालं. आईनं सरळ विचारलं, "कर्ताच गेला तं वाक्य कोनाचं राह्यलं?" काकूंचा हात सुपात थांबला. सर म्हणाले, "तुमी व्हा ना कर्ता. म्हणा, आय विल वॉटर द प्लांट्स. प्लांट्स, वहिनी, शेवटी स. एक स सोडला तर सगळा कारखाना अंगावर येईन." आईनं ते म्हटलं. चांगलं म्हटलं.

अडलं ते दुसऱ्या वाक्यावर. कमिटी विचारणारच, नवरा काय करायचा. त्याचं उत्तर सरांनी तयार केलं होतं, 'माय हजबंड वॉटर्ड द प्लांट.' आई म्हणायची, 'माय हजबंड वॉटर्स द प्लांट.'

"वॉटर्ड."

"वॉटर्स."

"भूतकाळ, वहिनी. ड लावा."

"वॉटर्स."

जीभ वळत नव्हती असं नाही. 'द गार्डनर वॉटर्ड' ती फाडकन म्हणायची. 'आय वॉटर्ड' म्हणायची. वाक्यात बाबा आले की ड निघायचा नाही. हे इंग्रजीतच होतं असंही नाही. घरात ती अजून 'त्याइले वरन पातय लागते' असंच म्हणत होती, आणि वरण पातळच करत होती. मी तिला कधी दुरुस्त केलं नव्हतं. सर रोज करत होते, आठवडाभर, दहादहा वेळा. मला त्यांचा भयंकर राग यायला लागला. एकदा मी मध्ये पडले. "सर, राहू द्या ना. हिंदीत सांगेल ती."

"कागदावर लिहिलं आहे, माणूस गेला," सर माझ्यावरच ओरडले. "आणि ही सांगणार, तो पाणी देऊन राहिला. कमिटी काय समजंल? नोकरी जाईन हातची! एका अक्षरानं जाईन!"

त्यांचं चुकीचं नव्हतं. पण बरोबर असलेल्या माणसाचा राग येत नाही असं थोडंच आहे? घरी येताना मी आईला म्हटलं, की या माणसाला काळजाच्या जागी व्याकरण आहे.

कमिटीच्या आदल्या दिवशी शिकवणी झाली. बाकी सगळं तिनं पाठ म्हटलं, आणि त्या वाक्याला पुन्हा 'वॉटर्स' म्हणाली. मला वाटलं, आता सर बूट आपटणार. सर येरझारा थांबवून केळीकडे बघत उभे राहिले.

"जाऊ द्या, वहिनी," ते म्हणाले. "वॉटर्सच म्हणा. चालते."

काकूंनी मान वर करून पाहिलं. सरांनी चूक चालवून घेतलेली त्यांनी तरी कधी पाहिली असेल असं वाटलं नाही.

"चालते कसं जी?" आई म्हणाली. "इतके दिवस तं नाई चाललं."

"माझ्या तोंडून बी नाही निघत ते," सर म्हणाले. "वर्गात मी ते वाक्य घेतच नाही आता. म्हटलं, तुमच्या तोंडून ऐकलं तर मले पटंल." आणि ते आत निघून गेले, ओल्या बुटांसकट. मी मात्र माझा आठवडाभराचा राग घेऊन तिथंच उभी राहिले, आणि त्याचं काय करावं ते मला कळेना.

आईला नोकरी मिळाली. काही आठवड्यांनी कागद आला आणि ती पुढे निवृत्त होईपर्यंत बागेच्या खात्यात होती. कमिटीत झालं असं, की साहेबांनी इंग्रजीत काही विचारलंच नाही. चांगले लोक होते, बसा म्हणाले, पाणी दिलं. एकानं हिंदीत विचारलं, "आपके पति क्या काम करते थे?" आईनं खुर्चीत सरळ होऊन इंग्रजीत उत्तर दिलं. ते लोक जरा चमकले. मग दुसऱ्यानं विचारलं, "और आप क्या करेंगी?" तेही तिनं इंग्रजीत सांगितलं. तो हसून म्हणाला, "पूरे प्लांट को पानी देंगी?" आई म्हणाली, "नहीं साहब, वो तो उनका काम था. मैं झाड़ों को दूँगी." एवढंच. पाच मिनिटांत ती बाहेर आली. मी बाहेर बाकावर बसले होते. तिनं हे सगळं मला ऑटोत सांगितलं, पण पहिल्या उत्तरात नेमका कोणता शब्द म्हटला ते सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "घरी चाल."

ऑटोतून उतरून ती घरात गेलीच नाही. नळाला पाणी आलं होतं आणि सर पाइप घेऊन केळीपाशी उभे होते. आई सरळ कुंपणापाशी गेली.

"झालं का, वहिनी?"

"झालं."

"वॉटर्स म्हटलं ना?"

"नाई," आई म्हणाली. "वॉटर्ड."

सर तिच्याकडे बघत राहिले. पाइपातलं पाणी अळवात पडत होतं. मला वाटलं, आता उच्चार विचारतील, ड पूर्ण म्हटला की अर्धा.

"मी बोलली, सर," आई म्हणाली. "आता तुमी बोला."

सरांनी पाइप खाली ठेवला. वर्गात उभे राहत तसे ताठ उभे राहिले. घसा साफ केला, पुन्हा एकदा केला. 'माय हजबंड' त्यांना म्हणता येणार नव्हतं. कर्ता बदलणं भाग होतं.

"माय फ्रेंड," सर म्हणाले, आणि थांबले. आई उभीच राहिली.

"माय फ्रेंड वॉटर्ड द प्लांट."